गल्ल्यावरच्या काळ्या रेघा

घरात असलेली, वेष्टनातून आलेली कोणतीही वस्तू हातात घ्या. साबणाची वडी, चहाचा पुडा, नाहीतर एखादे नवे पुस्तक. तिच्या एका बाजूला पांढऱ्या चौकटीत उभ्या काळ्या रेघांचा पट्टा दिसेल आणि त्याखाली १३ आकडे. मोठ्या दुकानात गल्ल्यावर ही वस्तू काचेवरून सरकवली की बारीकसा आवाज होतो आणि वस्तूचे नाव व किंमत पडद्यावर उमटते. ही करामत कोणाची, असे वर्गात विचारले तर मुले 'लेसरची' किंवा 'संगणकाची' असे उत्तर देतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

या रेघांच्या कल्पनेसाठी एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, अर्ज झाला १९४९ साली. दुकानात नेहमीच्या विक्रीसाठी आज रूढ असलेली खूण पहिल्यांदा वाचली गेली १९७४ साली. मधली पंचवीस वर्षे कशात गेली? काही वर्षे योग्य प्रकाशस्रोत आणि स्वस्त संगणक यांची वाट पाहण्यात गेली, हे खरे. पण ही दोन्ही साधने हाताशी आल्यावरही गाडे अडलेलेच होते. ते सुटले एका करारामुळे. गल्ल्यावर कोणते यंत्र ठेवायचे हे ठरण्याआधी, वस्तूला कोणता आकडा द्यायचा आणि तो कसा लिहायचा यावर एकमेकांच्या स्पर्धकांना एकत्र बसून सहमत व्हावे लागले. त्या निर्णयाची ही हकिकत आहे.

फक्त रक्कम ओळखणारा गल्ला

गल्ल्यावरच्या यंत्राचा जन्म अविश्वासातून झाला. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन नावाचे गाव आहे. तेथे जेम्स रिटी यांचा मद्याचा गुत्ता होता. नोकर पैसे परस्पर खिशात घालतात, ही त्यांची कायमची डोकेदुखी. १८७८ साली युरोपला जाताना बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र त्यांनी पाहिले. फेरे मोजता येतात तर विक्रीही मोजता येईल, असे त्यांच्या मनात आले. भाऊ जॉन यांच्या मदतीने त्यांनी यंत्र बनवले आणि १८७९ साली त्याचे एकस्व मिळवले. त्यांच्या यंत्राला पुढे नाव मिळाले तेही बोलके होते : 'रिटींचा भ्रष्ट न होणारा रोखपाल'.

रिटींना या धंद्यात फारसे यश आले नाही. हा धंदा पुढे १८८४ साली जॉन पॅटरसन यांच्या हाती आला आणि त्यातून 'नॅशनल कॅश रजिस्टर' ही कंपनी उभी राहिली. पैशांचा खण, घंटी, कागदाची गुंडाळी अशा सुधारणा होत गेल्या. १९०६ साली याच कंपनीत चार्ल्स केटरिंग यांनी यंत्राला विजेची मोटर जोडली. यंत्र वेगवान झाले, विश्वासू झाले. पण त्याचे ज्ञान जिथल्या तिथेच राहिले. किती पैसे आले हे त्याला कळत होते. कोणती वस्तू गेली हे कळत नव्हते.

जुन्या पद्धतीच्या दुकानात ही उणीव जाणवत नसे. वाणी फळीपलीकडे उभा असतो, मागितलेली वस्तू स्वतः काढून देतो, आणि कोणता डबा तळाला गेला आहे हे त्याच्या डोळ्यांपुढे असते. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिग्ली विग्ली' नावाचे दुकान काढले. तेथे गिऱ्हाइकाने स्वतः फिरून वस्तू घ्यायच्या आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे, अशी रीत होती. हीच पद्धत पुढे मोठ्या दुकानांची झाली. नोकर कमी लागू लागले, पण सगळा भार एका जागी, बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या गल्ल्यावर, येऊन पडला. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी चिकटवायची आणि गल्ल्यावरच्या कामगाराने ती वाचून कळा दाबायच्या. रांगा लागत, बोटे चुकत. आणि दुकानात काय उरले आहे हे कळायला शेवटी फळ्यांवरचा माल हातानेच मोजावा लागे.

वाळूतल्या चार रेघा

१९४८ साली फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल या तंत्रशिक्षण संस्थेत एका दुकान-साखळीचे अध्यक्ष आले. गल्ल्यावर वस्तूची माहिती आपोआप नोंदली जाईल अशी काही युक्ती संशोधून द्या, अशी विनंती त्यांनी तेथील अधिष्ठात्यांना केली. अधिष्ठात्यांनी नकार दिला. पण बर्नार्ड सिल्व्हर या विद्यार्थ्याने ते संभाषण ऐकले आणि आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँड याला सांगितले. अतिनील प्रकाशात चमकणारी शाई हा त्यांचा पहिला प्रयत्न होता. ती शाई फिकी पडे आणि महागही होती.

वुडलँड मायामीला आपल्या आजोबांकडे गेला. बालवीर पथकात असताना तो मोर्सची लिपी शिकला होता. समुद्रकिनाऱ्यावर बसून तो वाळूत टिंबे आणि आडव्या रेघा काढत होता. मग त्याने वाळूत रोवलेली चार बोटे आपल्याकडे ओढली आणि त्या टिंबांच्या व रेघांच्या जागी लांबलचक पट्टे उमटले : काही अरुंद, काही रुंद. मोर्सच्या लिपीत लघु-दीर्घ असतात, तसे येथे अरुंद-रुंद. या पट्ट्यांना गोल वळवले तर कोणत्याही बाजूने वाचता येणारी, नेमबाजीच्या लक्ष्यासारखी खूण मिळते. ती वाचण्याची रीत त्याने बोलपटाच्या फितीवरून घेतली. फितीच्या कडेला ध्वनीची काळी-पांढरी नोंद असते. तिच्यातून जाणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्याचे विजेच्या प्रवाहात रूपांतर होते.

ऑक्टोबर १९४९मध्ये दोघांनी एकस्वासाठी अर्ज केला. ऑक्टोबर १९५२मध्ये ते मिळाले. त्यांनी यंत्रही बनवले. ते मेजाएवढे होते. त्यात ५०० वॅटचा दिवा होता. दिव्याच्या उष्णतेने खुणेचा कागद धुमसू लागे! खूण वाचली जात होती, पण वाचलेले समजून घेऊन किंमत शोधणारा, दुकानदाराला परवडणारा संगणक तेव्हा नव्हता. १९६२ साली त्यांनी हे एकस्व १५,००० डॉलरला विकले. १९६३ साली सिल्व्हर वारला. १९६९ साली, १७ वर्षे पुरी होऊन, एकस्वाची मुदतही संपली.

याच काळात दोन्ही अडचणी दूर होत होत्या. १९६० साली लेसरचा शोध लागला आणि १९६२ साली हेलियम-निऑन वायूंचा, लाल दृश्य प्रकाश देणारा लेसर तयार झाला. ५०० वॅटच्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो. लेसरचा झोत मात्र बारीक राहतो, म्हणून मिलिवॅटमध्ये मोजावी इतकी थोडी शक्ती पुरते आणि कागद धुमसत नाही. दुसरीकडे, एकात्मिक परिपथांमुळे संगणक लहान आणि स्वस्त होत गेले. आता अडायचे कारण काय?

आधी आकडा, मग यंत्र

कारण असे होते. दुकानदाराने महागडे यंत्र घेतले, पण डब्या-पुड्यांवर खूणच नसेल तर यंत्राचा उपयोग नाही. उत्पादकाने वेष्टनावर खूण छापली, पण ती वाचणारे यंत्र कुठेच नसेल तर तो खर्च वाया. प्रत्येक जण दुसऱ्याने सुरुवात करावी म्हणून थांबलेला. शिवाय यंत्र बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची खूण वेगळी. एका साबणाच्या वेष्टनावर पाच कंपन्यांच्या पाच खुणा कोण छापणार?

१९६९ साली उत्पादकांच्या आणि दुकानदारांच्या संघटनांचे प्रतिनिधी सिनसिनाटीत भेटले. वाद निघाला तो यंत्रावर नाही, आकड्याच्या लांबीवर. उत्पादकांना ११ अंकी आकडा हवा होता, म्हणजे त्यांचे आधीचे क्रमांक त्यात सामावले असते. दुकानदारांना ७ अंकी हवा होता, म्हणजे साध्या यंत्रांवरही तो चालला असता. बैठक निष्फळ ठरली. पण प्रश्न नेमका कुठे अडला आहे हे त्यामुळे उघड झाले.

१९७० साली दोन्ही बाजूंच्या बड्या कंपन्यांच्या प्रमुखांची एक तात्पुरती समिती नेमली गेली. हाइन्झ या खाद्यपदार्थ कंपनीचे प्रमुख बर्ट गूकिन तिचे अध्यक्ष होते. समितीने १० अंकांवर तडजोड केली : पाच अंक उत्पादकाचे, पाच त्याच्या वस्तूचे. पुढे सुरुवातीला एक आणि शेवटी एक अंक जोडला जाऊन ते १२ झाले. या आकड्यात किंमत नाही, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. आकडा म्हणजे वस्तूचे केवळ नाव. किंमत दुकानाच्या संगणकात असते. म्हणून एकाच पुड्याची किंमत दोन दुकानांत वेगळी असू शकते आणि ती बदलण्यासाठी पुड्याला हात लावावा लागत नाही.

आकडा ठरल्यावर तो लिहिण्याची खूण निवडण्यासाठी ॲलन हेबरमन यांच्या अध्यक्षतेखाली वेगळी समिती काम करू लागली. कंपन्यांकडून खुणा मागवल्या गेल्या. खूण लहान हवी. कोणत्याही दिशेने वाचता यायला हवी. साध्या छपाईत, वेष्टनाच्या नेहमीच्या कागदावर छापता यायला हवी. आणि लक्षात न येणारी चूक क्वचितच व्हायला हवी. आयबीएम कंपनीत या कामावर असलेल्या जॉर्ज लॉरर यांच्यापुढे दीड चौरस इंचाची आणि २०,००० वाचनांत एकाहून कमी चुकीची मर्यादा होती. याखेरीज एक अट महत्त्वाची : जिची खूण निवडली जाईल त्या कंपनीने तिच्यावरचा हक्क सोडायचा. खूण सर्वांची, यंत्र ज्याचे त्याचे.

स्पर्धेत पुढे होती आरसीए ही कंपनी. तिची खूण गोल, वुडलँडच्या कल्पनेची वारस. जुलै १९७२पासून सिनसिनाटीच्या एका दुकानात ती प्रत्यक्ष वापरूनही पाहिली जात होती. आयबीएमकडे मात्र दुकानात चाललेले यंत्रच नव्हते. तिच्याकडे होती लॉरर यांची उभ्या रेघांची खूण. त्या वेळी वुडलँड स्वतः आयबीएममध्येच नोकरीला होता आणि या कामात त्याने मदतही केली.

शाई पसरते तेव्हा

निवडीत निर्णायक ठरली ती छपाई. वेष्टने वेगाने छापली जातात तेव्हा कागद ज्या दिशेने सरकतो त्या दिशेने शाई किंचित फरफटते. गोल खूण असेल तर वर्तुळाच्या काही भागांत ही फरफट रेघेची जाडी बदलते, कधी दोन रेघांमधली फट बुजवते. उभ्या रेघा मात्र कागदाच्या दिशेलाच समांतर ठेवता येतात. मग शाई फरफटली तरी रेघ थोडी लांब होते, जाड होत नाही. माहिती जाडीत आहे, लांबीत नाही. म्हणून बिघडत काही नाही.

शाई आजूबाजूला शोषली जाऊन सगळ्याच रेघा जाड झाल्या तर? त्यावर लॉरर यांनी केलेला उपाय भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल असा आहे. समजा, प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंना सारखीच पसरली. रेघेची जाडी वाढली आणि पांढरी फट तेवढीच घटली. पण एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंतचे अंतर मोजले तर? दोन्ही डाव्या कडा सारख्याच सरकल्या आहेत, म्हणून हे अंतर तेवढेच राहते. मोजमापातली चूक काढून टाकण्याऐवजी, जिच्यावर त्या चुकीचा परिणामच होत नाही अशी राशी मोजायची. यंत्र बहुतेक अंक याच रीतीने ओळखते.

आता रेघांची रचना पाहू. प्रत्येक अंकाला सारख्या रुंदीची सात घरे दिलेली असतात. ती काळी-पांढरी रंगवून दोन काळ्या रेघा आणि दोन पांढऱ्या फटी तयार होतात. उदाहरणार्थ, पट्ट्याच्या डाव्या अर्ध्या भागातला ७ असा : एक घर पांढरे, तीन काळी, एक पांढरे, दोन काळी. उजव्या अर्ध्यात नेमके उलटे : एक काळे, तीन पांढरी, एक काळे, दोन पांढरी. डाव्या अर्ध्यात प्रत्येक अंकाची काळी घरे विषम असतात, उजव्या अर्ध्यात सम. त्यामुळे यंत्राला आधी विषम भेटले तर आपण सरळ वाचतो आहोत आणि आधी सम भेटले तर उलटे, हे कळते. पुडा डोक्यावर उभा धरला तरी चालतो तो यामुळे.

सहा-सहा अंकांचे दोन भाग म्हणजे ८४ घरे. दोन्ही टोकांना सीमारेषांची तीन-तीन आणि मध्ये पाच अशी ११ घरे. एकूण ९५. हे दोन भाग करण्यातही युक्ती आहे. प्रत्येक अर्धा भाग रुंदीपेक्षा किंचित उंच ठेवला, तर गुणिलेच्या चिन्हासारख्या एकमेकींना छेदणाऱ्या लेसरच्या दोन रेघांपैकी एक तरी त्या अर्ध्याच्या सगळ्या रेघा ओलांडून जाते, मग वस्तू कशीही फिरलेली असो. दोन अर्धे वेगवेगळे वाचून यंत्र ते जोडते. गोल खुणेचा 'कोणत्याही दिशेने' हा गुण अशा रीतीने सरळ रेघांनाही मिळाला.

३ एप्रिल १९७३ रोजी समितीने निर्णय जाहीर केला. थोडे फेरफार करून आयबीएमची खूण स्वीकारली गेली. चालू असलेले यंत्र दाखवणारी कंपनी हरली आणि चांगली खूण आणणारी जिंकली. यंत्रे बदलत राहतील, खूण मात्र कोट्यवधी वेष्टनांवर जाणार आणि मग बदलता येणार नाही, हे समितीने ओळखले होते.

ट्रॉय गावातील सकाळ आणि नंतरची वर्षे

२६ जून १९७४ रोजी सकाळी ओहायोतील ट्रॉय गावच्या 'मार्श' या दुकानात शॅरन ब्युकॅनन या गल्ल्यावरच्या कर्मचारी महिलेने च्युइंगगमच्या दहा पाकिटांचा एक पुडा काचेवरून सरकवला. पडद्यावर ६७ सेंट उमटले. गल्ल्यावरचे यंत्र नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचे होते. जेथे रिटींनी नोकरांवर नजर ठेवणारे यंत्र बनवले होते ते डेटन तेथून सुमारे ३० किलोमीटरवर.

यानंतर धडाक्याने प्रसार झाला असे वाटेल, पण तसे झाले नाही. 'बिझनेस वीक' या साप्ताहिकाने १९७६ साली दुकानातील हे वाचक-यंत्र अपयशी ठरल्याचा लेखच छापला. लोकांचा विरोधही होता. वस्तूंवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या जाणार, मग गिऱ्हाइकाने किंमत ताडून कशी पाहायची? संगणकात एक किंमत आणि फळीवर दुसरी असे झाले तर? ग्राहक संघटना आणि दुकान-कामगारांच्या संघटना यांनी हा प्रश्न लावून धरला. कामगारांना नोकऱ्यांची काळजी होती, ग्राहकांना फसवणुकीची. मिशिगनसारख्या काही राज्यांनी प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिणे कायद्याने बंधनकारक केले. मिशिगनचा तो कायदा २०११पर्यंत टिकला. हा विरोध अडाणीपणाचा नव्हता. रेघा यंत्राला वाचता येतात, माणसाला नाहीत. ज्या व्यवहारात एका बाजूला वाचता येते आणि दुसऱ्या बाजूला येत नाही, तेथे दुसऱ्या बाजूने शंका घेणे रास्तच आहे. रेघांखाली छापलेले आकडे आणि हाती मिळणारी, वस्तूंची नावे लिहिलेली पावती ही त्या शंकेची अंशतः उत्तरे आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न त्या स्वरूपात उभा राहिला नाही. वेष्टनातील वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापणे आपल्या कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे रेघा आल्या तरी किंमत वेष्टनावरून गेली नाही.

वर्गात करून पाहा

युरोपातील देशांनी १९७७ साली आपली संघटना स्थापन करून १२ ऐवजी १३ अंकांची पद्धत आणली. भारतात ही पद्धत चालवणारी संस्था १९९६ साली स्थापन झाली. भारतातील संस्थेने दिलेले आकडे ८९०ने सुरू होतात. वस्तू भारतात बनली असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. आकडा भारतातील संस्थेने दिला एवढाच आहे.

पहिला प्रयोग मोजणीचा. मुलांना १३ अंकी पट्ट्यातील काळ्या रेघा मोजायला सांगा. कोणतीही वस्तू असो, त्या ३०च भरतील. प्रत्येक अंकाच्या दोन, म्हणजे बारा अंकांच्या २४. आणि दोन टोके व मध्य येथील दोन-दोन मिळून सहा. मग तेराव्या अंकाच्या रेघा कुठे आहेत? त्या नाहीतच. डावीकडच्या पहिल्या अंकाला स्वतःच्या रेघा नसतात. डाव्या अर्ध्यातील सहा अंकांपैकी कोणते विषम रीतीने आणि कोणते सम रीतीने लिहायचे याच्या क्रमातून तो सुचवलेला असतो. त्यामुळे रेघांची संख्या न वाढवता एक अंक वाढवता आला.

दुसरा प्रयोग शेवटच्या, म्हणजे पडताळ्याच्या अंकाचा. नमुन्यासाठी ८९०१२३४५६७८०७ हा आकडा घेऊ. शेवटचा ७ बाजूला ठेवा. उरलेल्या बारांपैकी पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज करा : ८ + ० + २ + ४ + ६ + ८ = २८. सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज : ९ + १ + ३ + ५ + ७ + ० = २५; तिची तिप्पट ७५. एकूण १०३. पुढची दहाची पट ११०. फरक ७. हाच शेवटचा अंक. यंत्र दर वेळी हे गणित करते आणि जुळले नाही तर मान्य करत नाही.

तिप्पटच का? ३ने ० ते ९ या अंकांना गुणून एकक स्थान पाहा : ०, ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७. सगळे वेगवेगळे. म्हणून कोणताही एक अंक चुकला तर चूक पकडली जातेच. २ने गुणून पाहा. ० आणि ५ यांचे एकक सारखेच येते, आणि ती चूक निसटेल. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर? बहुधा पकडले जातात, पण ज्यांच्यात ५चा फरक आहे, जसे १ आणि ६, ते निसटतात. असे का, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे.

तिसरा प्रश्न रंगाचा. पांढऱ्यावर लाल रेघा का छापत नाहीत? खिडकीला लावतो तसा लाल जिलेटीन कागद डोळ्यांपुढे धरून पांढऱ्या कागदावरची लाल रेघ पाहा. उत्तर तेथेच मिळेल. गल्ल्यावरच्या वाचक-यंत्राचा प्रकाश सहसा लाल असतो आणि लाल प्रकाशात लाल रेघ व पांढरा कागद सारखेच उजळ दिसतात.

निवड कशाची करायची

१९९४ साली जपानमधील डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांसाठी चौकोनी ठिपक्यांची खूण बनवली. ती क्यूआर संकेत म्हणून आज भाजीच्या हातगाडीवरही लटकलेली दिसते. कंपनीकडे एकस्व होते, पण प्रमाणित खुणेच्या वापरासाठी तिने ते कोणावर बजावले नाही. आपल्याकडे पैसे देण्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे, एकमेकांना न समजणारे संकेत वाढू लागले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२०मध्ये आदेश काढला, की नवे खासगी संकेत नकोत आणि जुने मार्च २०२२पर्यंत सर्वांना वाचता येतील असे करावेत. १९७३चाच धडा पन्नासएक वर्षांनी पुन्हा उपयोगी पडला. भाजीवाल्याला एकच फलक पुरतो तो त्यामुळे.

गल्ल्यासाठी कोणते यंत्र घ्यावे, असा प्रश्न लहानमोठ्या दुकानदारांना पडतो. शाळेच्या ग्रंथालयासाठी रेघा वाचणारे यंत्र घ्यावे का, असा प्रश्न शिक्षकांनाही पडतो. विक्रेता यंत्राचा वेग सांगेल, किंमत सांगेल. त्याआधी आपण विचारायचा प्रश्न आकड्याचा आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावर रेघा असतात, त्याखाली बहुधा ९७८ने सुरू होणारा आकडा असतो. तो त्या आवृत्तीचा आकडा आहे. शाळेने एकाच पुस्तकाच्या दहा प्रती घेतल्या तर दहांवर तोच आकडा असेल, आणि कोणती प्रत कोणत्या मुलाकडे आहे हे सर्वांत महागड्या यंत्रालाही सांगता येणार नाही. त्यासाठी प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक हवा आणि त्याची चिठ्ठी आपणच चिकटवायला हवी. दाखल नोंदवही व्यवस्थित असेल तर साधे यंत्रही काम भागवते. ती नसेल तर पहिला खर्च यंत्रावर करू नये.